न्यायाधीशांची शाळा आणि आपली मुले



थंडी ओसरू लागली की आपल्या कॅरीतल्या घराघरांत उन्हाळ्याच्या इंटर्नशिपची चर्चा सुरू होते. आरटीपीतल्या कंपन्या, विद्यापीठांच्या लॅब, इस्पितळे, इथेच आपली यादी संपते. न्यायालयाचे नाव सहसा कोणी काढत नाही.

खरे तर न्यायदान शिकवणारी मोठी शाळा आपल्या शेजारीच, चॅपल हिलला आहे. नॉर्थ कॅरोलिनातील न्यायाधीश व मॅजिस्ट्रेट यूएनसी स्कूल ऑफ गव्हर्नमेंटमध्ये प्रशिक्षण घेतात. आपल्यापैकी काहींचे नोंदणी लग्न ज्यांच्यासमोर झाले ते मॅजिस्ट्रेटच अटकेचे वॉरंट काढतात, जामीन ठरवतात, घर रिकामे करण्याचे दावे ऐकतात. या पदासाठी वकील असणे बंधनकारक नाही. कायद्याने नेमणुकीनंतर सहा महिन्यांत किमान ४० तासांचे प्राथमिक प्रशिक्षण मात्र घ्यावे लागते. म्हणजे त्या ४० तासांत काय शिकवले जाते, याला फार महत्त्व आहे.

मायदेशीही हाच प्रश्न ऐरणीवर आला. २० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने दिवाणी न्यायाधीशांच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. २००२ मध्ये ती काढली गेली होती. लॉ क्लर्क म्हणून केलेले काम या तीन वर्षांत धरावे आणि न्यायासनावर बसण्यापूर्वी एक वर्ष प्रशिक्षण असावे, असेही निकालात म्हटले आहे. महाराष्ट्रात असे प्रशिक्षण भाईंदरजवळ उत्तनच्या न्यायिक अकादमीत होते. थोडक्यात, नुसते पुस्तकी ज्ञान पुरत नाही, हे दोन्हीकडे मान्य आहे.

अशा संस्थांत विद्यार्थ्याला करण्याजोगे काम पुष्कळ असते: निकाल शोधणे, टिपणे काढणे, सरावासाठी प्रकरणे तयार करणे. दुभाष्याशिवाय साक्ष देणारी आजी किंवा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली सून न्यायाधीशाला समजावी, असे वाटत असेल तर ती सरावाच्या प्रकरणात आली पाहिजे. दोन भाषांत वाढलेली आपली मुले ती नेमकी मांडू शकतील.

अडचणीही आहेत. असे काम बऱ्याचदा बिनपगारी असते, म्हणून ते सुस्थितीतल्या घरांनाच परवडते. एच-४ वरील मुलांना पगारी काम करता येत नाही. बिनपगारी कामही इमिग्रेशन वकिलाला विचारूनच घ्यावे.

तरीही यंदा यादी करताना ही एक ओळ त्यात जरूर घालावी, असे आम्हांला वाटते. ज्यांच्या मुलांनी हा अनुभव घेतला आहे, त्यांनी मंडळाला अवश्य कळवावे.