शेवाळ खा, पण औषध म्हणून नको!

गेल्या महिन्यात रक्ताचा रिपोर्ट आला. बी-१२ कमी! मी शाकाहारी, त्यामुळे नवल काही नाही. पण ऑफिसात बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. "समुद्री शेवाळ खा रे, सगळं असतं त्यात," एकाने ठणकावून सांगितलं. लगेच नोरी, कोम्बू आणि स्पिरुलिनाच्या गोळ्या घरी आणल्या. वाचायला बसलो ते मात्र नंतर!

तर मंडळी, शेवाळ म्हणजे काही एकच भाजी नव्हे. मेथी आणि अळू जितके वेगळे, तितकीच सुशीला गुंडाळतात ती नोरी आणि जाड, तपकिरी कोम्बू वेगळी. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. वाळलेल्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्ये त्याच्या कितीतरी पट असू शकतं. नोरीत त्या मानाने फारच कमी. आयोडीनचं मीठ आपण रोज खातोच. वर पौष्टिक म्हणून रोज कोम्बू खाल्ली तर थायरॉईड बिघडायचं. हिजिकी नावाच्या प्रकारात तर इतकं आर्सेनिक सापडलं, की २००४ मध्ये ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने ती खाऊच नका असं सांगितलं. आणि स्पिरुलिना? तिच्यातलं बरंचसं बी-१२ माणसाच्या उपयोगाचंच नसतं. शेवटी मी मुकाट्याने डॉक्टरांकडून इंजेक्शनं घेतली.

मग शेवाळ फेकून दिलं का? छे! १९०८ मध्ये तोक्योच्या किकुनाए इकेदांनी कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. जपानी स्वयंपाकी कोम्बू पाण्यात भिजवतात, हळूहळू तापवतात आणि उकळी फुटायच्या आत काढून घेतात. मी ते पाणी मुगाच्या आमटीत घातलं. कांदा-लसूण नसतानाही काय चव आली म्हणून सांगू! फक्त आयोडीनही त्याच पाण्यात उतरतं, तेव्हा तुकडा बोटाच्या पेराएवढा आणि तोही कधीतरी. थायरॉईडचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आपलं एक वाईट आहे. कुठलाही नवा पदार्थ आला की पहिला प्रश्न, "कशावर चांगलं?" अहो, जिभेवर चांगलं! तेवढं पुरत नाही का? आणि शेवाळ म्हणून नाक मुरडत असाल, तर लहानपणी खाल्लेलं चायना ग्रासचं पुडिंग आठवा. तेही शेवाळाचंच होतं.