परित्यक्तेने ओटीपी कोणाकडे मागायचा?

‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीला ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ देऊन सरकारने मोठेच औदार्य दाखवल्याचा आव आणला. पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित महिलांनी मृत्यूचा दाखला वा कोर्टाची कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत, ही त्यातली सवलत. पण या बहिणी काय काल उगवल्या? विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार ही नावे २०२४ मध्ये योजनेच्या पात्रतेत सरकारनेच लिहिली. त्यांच्याकडेच नवऱ्याचा आधार क्रमांक आणि त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपी मागणारे संकेतस्थळ मंजूर कोणी केले? आणि परित्यक्तेचे काय? नवरा जिवंत, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. कोर्टाची पायरी चढलेली नाही, म्हणून हुकूमनामा नाही. महिन्याच्या दीड हजारासाठी तिने टाकून गेलेल्या माणसाला फोन लावायचा आणि ओटीपीचे आकडे मागायचे! सवलतीतही तिला जागा ठेवली नाही.

पडताळणी नकोच, असे कोणी म्हणत नाही. पुरुषांनी आणि सरकारी नोकरांनीही हे पैसे उचलल्याचे उघड झाले आहे. पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर धडाधड अर्ज मंजूर करणारी यंत्रणा आता जागी झाली, तर त्याची शिक्षा या बाईने का भोगावी? कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, हे तपासायला नवऱ्याचा आधार लागतो म्हणे. ज्या कमाईतला छदामही तिच्या हाती पडत नाही, ती तिच्या नावावर मोजायची, हा कुठला न्याय?

रोग एका योजनेपुरता नाही. कष्टाने ठसे झिजलेला मजूर रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा घासत राहतो. अंगणवाडीतला आहार घरी न्यायला १ जुलै २०२५ पासून चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. ॲसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्यांनाही केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगितले जात होते. अखेर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि २० निर्देश दिले. तो निकाल मंत्रालयात कोणी उघडून पाहिला असेल, असे सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या या ई-केवायसीवरून तरी वाटत नाही. गावात कोणाला नवऱ्याने टाकले आहे, हे अंगणवाडी सेविकेला पक्के ठाऊक असते. तिची गृहभेट आणि लाभार्थीचे स्वयंघोषणापत्र पुरेसे माना, तसा शासन निर्णय काढा. तोवर एकाही परित्यक्तेचा हप्ता थांबता कामा नये.