खुशामतीची शब्दसंपत्ती

आमच्या सुशिक्षित मंडळीत एक समज फार दिवसांपासून रूढ आहे. तो असा की, मनुष्यस्वभावाच्या बारीकसारीक छटा दाखविण्याचे सामर्थ्य इंग्रजीत आहे, ते बिचाऱ्या मराठीत नाही. ह्याच्या पुष्ट्यर्थ खुशामतीचे उदाहरण पुष्कळदा पुढे करण्यात येते. इंग्रजीत पाहा, असे आम्हांस सांगतात, फ्लॅटर निराळे, कोक्स निराळे, कजोल निराळे. टोडी एक आणि सिकोफंट दुसरा. मराठीत मात्र 'खुशामत' हा एकच शब्द, आणि तोही फारसीतून उसना आणलेला! आक्षेपकांनी मराठीचा कोश उघडलेला नाही, एवढे दाखवून थांबता आले असते. परंतु ह्या आक्षेपाच्या बुडाशी शब्दांच्या संख्येहून मोठी गोष्ट आहे, म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इंग्रजीचे वैभव आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. फ्लॅटर ह्या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमध्ये असून त्याचा अर्थ कुरवाळणे असा होता. टोडी म्हणजे मूळचा बेडूकखाऊ. गावोगाव हिंडणाऱ्या भोंदू वैद्याचा नोकर लोकांसमक्ष विषारी बेडूक खाल्ल्याचे सोंग करी, आणि धनी त्यास औषध पाजून वाचविल्याचे दाखवी. त्या नोकरावरून हा शब्द निघाला. आयर्लंडातील कॉर्क शहराजवळच्या ब्लार्नी किल्ल्यातील शिळेचे चुंबन घेणारास मिठ्ठास वाणी लाभते अशी समजूत आहे, म्हणून लाघवी बोलण्याचे नावच ब्लार्नी पडले. चार्म ह्या शब्दाच्या मुळाशी मंत्रगीत आहे, फॅसिनेटच्या मुळाशी चेटूक आहे, आणि ग्लॅमर हा तर ग्रॅमर ह्या शब्दाचाच स्कॉटलंडात झालेला अपभ्रंश आहे; कारण ज्यास लिहितावाचता येते त्यास जादूटोणाही येत असला पाहिजे, असे तिकडील अडाणी लोकांस वाटे. आमच्या विद्यार्थ्यांस व्याकरणाची मोहिनी पडल्याचे मात्र आमच्या पाहण्यात नाही.

आता घरची पेटी उघडू. रुसलेल्या मुलास आई चुचकारते, बाबापुता करते. रुसलेल्या व्याह्याची मनधरणी होते. लेक बापापाशी लाडीगोडी लावते. दुकानदार गिऱ्हाइकाशी गोडीगुलाबीने बोलतो. धन्याच्या प्रत्येक वाक्यास हांजी हांजी करणारा तो होयबा, त्यास हसवून आपले पोट भरणारा तो खुशमस्कऱ्या, समोर गोड बोलून काम साधणारा तो तोंडपुज्या, आणि पदरी राहून गुणगान करणारा तो भाट. कोणी लोणी लावतो, कोणी कुत्र्याप्रमाणे गोंडा घोळतो, कोणी दुसऱ्यास हरभऱ्याच्या झाडावर चढवितो. आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या रानात हरभऱ्याचे रोप ज्याने पाहिले आहे त्यास ह्या शेवटच्या प्रयोगातील खोच सांगावयास नको. जे रोप फार तर गुडघ्याएवढे वाढते, त्यावर चढून बसल्याचा आनंद मानणारा मनुष्य किती मूर्ख, आणि त्यास वर चढविणारा किती धूर्त, हे दोन्ही एका वाक्यात आले. मोल्सवर्थ हा परका मनुष्य. त्याने मराठी-इंग्रजी कोश रचला आणि १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द गोळा केले. पुढे १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांस 'निबंधमाला' काढून स्वभाषेची उपेक्षा करणाऱ्या विद्वानांचे कान उपटावे लागले. तेव्हापासून आजवर पदवीधरांची संख्या वाढली. कोश उघडण्याची सवय तेवढी वाढली नाही.

परंतु संख्येचा हा वाद आम्हांस गौण वाटतो. ह्या शब्दांच्या मांडणीत जो विवेक आहे तो मुख्य आहे. जेथे प्रेम आहे किंवा निदान निरुपद्रवी गरज आहे, तेथे मराठी शब्दही सौम्य आहेत: चुचकारणे, गोंजारणे, मनधरणी, आर्जव. जेथे स्वार्थासाठी मनुष्य आपली मान मोडतो, तेथे मात्र भाषा त्याची गय करीत नाही. थुंकी झेलणे, लाळ घोटणे, पाय चाटणे, जोडे उचलणे! हे प्रयोग ओंगळ आहेत, असे कोणी नाक मुरडून म्हणेल. आम्ही म्हणतो, ते कृत्यच ओंगळ आहे, आणि कृत्याची किळस शब्दात उतरविणे हे भाषेचे कर्तव्य आहे. 'मी वरिष्ठांची थुंकी झेलून बढती मिळविली' असे वाक्य कोणाच्याही तोंडून निघणार नाही. 'मी उत्तम नेटवर्किंग केले' हे वाक्य मात्र जेवणाच्या पंगतीत मुलाबाळांदेखत अभिमानाने सांगता येते.

येथे आमच्या वादाचे मर्म आहे. इंग्रजीतही लिकस्पिटल म्हणून शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आमच्या थुंकी झेलण्याच्या अगदी शेजारचा आहे. परंतु त्याची आयात आमच्या सुशिक्षितांनी केली नाही. त्यांनी आणले ते टॅक्ट, डिप्लोमसी, नेटवर्किंग, पब्लिक रिलेशन्स असे धुतलेले, इस्त्री केलेले शब्द. प्रत्येकास स्वतःचा प्रामाणिक अर्थ आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण आमच्याकडे पुष्कळदा त्यांचा उपयोग लाळ पुसण्याच्या रुमालासारखा होतो. तेव्हा मराठीत शब्द नाहीत म्हणून इंग्रजी वापरतो, ही सबब खोटी आहे. मराठीत शब्द आहेत आणि ते बोचतात, म्हणून इंग्रजी वापरण्यात येते.

कोणी म्हणेल, गोड बोलल्यावाचून संसार चालत नाही. खरे आहे, कडू बोलणे म्हणजेच सत्यनिष्ठा असे आम्ही मानीत नाही. 'आर्जव' हाच शब्द पाहा. संस्कृतात त्याचा अर्थ ऋजुता, सरळपणा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीत त्याची गणना आहे. मराठीत तोच शब्द विनवणीचा वाचक झाला. सरळ मनाने केलेली विनंती, इतका गोडवा भाषेस मान्य आहे. रावणास गोड बोलणारांचा तोटा नव्हता. मारीच व बिभीषण ह्यांचे हितकर बोलणे तेवढे त्यास रुचले नाही.

आमचे पूर्वज ह्या दोषापासून मुक्त होते असेही नाही. जुन्या पत्रांतील लांबलचक मायने पाहावे. इंग्रजी अमदानीतील मानपत्रे आणि रावसाहेब, रावबहादुर ह्या पदव्यांसाठी झालेली धावपळ आठवावी. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने अशा पदव्या देण्याची सरकारची वाट बंद केली. तेव्हा लोकांनी तो कारखाना आपल्या घरी काढला. आज कोणत्याही चौकात वाढदिवसाचा डिजिटल फलक पाहावा. 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष', 'भाग्यविधाते' अशा विशेषणांच्या राशीखाली त्या गृहस्थाचे नाव शोधावे लागते. ह्याच सोलापुरात मे १९३० मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा हे येरवड्यास फासावर गेले. त्यांच्या नावामागे आम्ही 'हुतात्मा' हा एकच शब्द लावतो आणि तो पुरतो. जेथे कृत्य मोठे असते तेथे विशेषणांची भरताड लागत नाही.

साहित्याच्या प्रांतात तरी निराळे काय आहे? प्रस्तावना लेखकाच्या स्नेह्याने लिहावयाची, परीक्षण दुसऱ्या स्नेह्याने, आणि वर्षभराने लेखकाने दोघांच्या पुस्तकांची तशीच परतफेड करावयाची, हा व्यवहार 'आस्वादक समीक्षा' ह्या भारदस्त नावाखाली चालतो. त्यास आमच्या आजीने 'अहो रूपम् अहो ध्वनिः' म्हटले असते. वाचक पैसे मोजून पुस्तक घरी नेतो आणि फसतो; नुकसान त्याचे होते, आणि ज्या होतकरू लेखकास त्याचा दोष वेळीच कोणी सांगितला नाही त्याचेही होते.

म्हणून आमची सुशिक्षित कुटुंबांस एवढीच सूचना आहे. घरात कोणी अशा गुळगुळीत इंग्रजी शब्दाने आपल्या एखाद्या पराक्रमाचे वर्णन करू लागला, तर त्याचे मराठी भाषांतर त्याच्याकडूनच करवून घ्यावे. भाषांतर कानांवर पडल्यानंतरही ते कृत्य करावेसे वाटले, तर त्याने ते खुशाल करावे.