पाठीवरील ओझें व सायकलची पडशी

आगगाडी ठाण्यास प्रथम आली ती 1853 सालच्या एप्रिल महिन्याच्या 16 तारखेस, व पुढील वर्षीं ती कल्याणपर्यंत पोहोंचली. तेव्हांपासून कामावर जाणें म्हणजे गाडी पकडणें, अशी या भागांतील लोकांची समजूत होऊन बसली आहे. ज्यास मुंबईस जावयाचें त्याच्यापुरती ती खरीहि आहे. कल्याणहून पायडल मारीत बोरीबंदर गांठावें, असें सांगणारा मनुष्य शहाणा ठरणार नाहीं. परंतु ठाण्याच्या वागळे इस्टेटींत, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत, शाळांत व दुकानांत, घरापासून पांचसात किलोमीटरांवर काम करणारे लोक का थोडे आहेत? कल्याण व डोंबिवली हीं स्थानकें एकमेकांपासून सुमारें सहा किलोमीटरांवर आहेत. एवढ्या वाटेसाठींहि दारांत लोंबकळावें काय? 2025 सालच्या जूनच्या 9 तारखेस मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींशेजारून जात असतां दारांतील प्रवासी खालीं पडले, व त्यांपैकीं कांहीं प्राणास मुकले. तें विसरण्याजोगें नाहीं.

सायकलचें नांव काढतांच लोक ऊन, पाऊस व चढ यांचा पाढा वाचूं लागतात. माझ्या मतें खरी अडचण सामानाची आहे. डबा, पाण्याची बाटली, कागदपत्रें, संगणक, बदलावयाचा सदरा, हें सारें पाठीवरच्या पिशवींत कोंबून मनुष्य निघतो. आपल्या दमट हवेंत पाठ दहा मिनिटांत भिजते, खांदे अवघडतात, आणि ओझें उंचावर असल्यामुळें खड्डा चुकवितांना तोल जातो. पंधरवड्याच्या आंत सायकल जिन्याखालीं जाऊन पडते, व दोष तिच्या माथीं येतो.

ओझें पाठीवरून काढून वाहनावर घालावें, हें कोणी नव्यानें शोधावयास नको. घोड्याच्या दोन्ही अंगांस लोंबणारी पडशी आपल्या पूर्वजांच्या परिचयाची होती. दूधवाल्याच्या किटल्या व मुंबईच्या डबेवाल्याच्या सायकलीस टांगलेले डबे आपण नित्य पाहतों. मात्र त्यांपासून शिकण्याची शिकलेल्या मनुष्यास लाज वाटते! मागील कॅरिअरच्या दोन बाजूंस सारख्या वजनाच्या दोन पिशव्या अडकवाव्या. जड जिन्नस तळाशीं ठेवावे. पिशवी किंचित् मागें सरकवून बांधावी, नाहींतर प्रत्येक फेऱ्यास टांच तिला लागते. पट्ट्याचें टोंक मोकळें सोडल्यास तें आऱ्यांत गुंतून स्वारास पाडल्यावांचून राहत नाहीं. मागें अतोनात भार घातला तर चढावर पुढचें चाक हलकें होतें व हँडल भिरभिरूं लागतें. पावसाळ्यांत वरून आच्छादन पुरत नाहीं. शिवणींतून पाणी शिरतेंच, म्हणून कागद आंत निराळ्या प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधावे. इतकें केलें म्हणजे पाठ मोकळी राहते, व परततांना भाजीहि आणतां येते.

ठाण्याहून मुंब्रा व शिळफाट्यावरून डोंबिवलीस सायकलीनें जा, असें मात्र मी कोणास सांगणार नाहीं. त्या मार्गावर बंदराचे अवजड कंटेनर वाहणारे ट्रक धांवतात. तेथें मनुष्याचा उत्साह काय कामाचा? तें काम सरकारचें व महानगरपालिकांचें आहे. शहरांतील रस्त्यांची कड उभ्या मोटारींनीं अडविली जाते, आणि सायकलस्वार भर रहदारींत लोटला जातो. ही कड मोकळी करणें नवीन पूल बांधण्याहून पुष्कळ स्वस्त आहे.

मालकवर्गाकडूनहि कांहीं अपेक्षा आहे. कित्येक ठिकाणीं साहेबांच्या मोटारीस छप्पर असतें, आणि कामगाराची सायकल फाटकाबाहेर पावसांत गंजत असते. हातपाय धुऊन सदरा बदलण्यापुरती एक खोली फार मोठें मागणें नव्हे. पिशव्या काय, कडी सोडवून हातांत घेतल्या कीं आंत नेतां येतात. सायकलीस मात्र संध्याकाळपर्यंत कुलूप घालून ठेवावयास जागा हवी, आणि ती फाटकाच्या आंत हवी.