कंचेभागुबेव पाठ आहे, पण उत्तर चुकतंय!

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, १० − ४ + ३ हे उदाहरण मुलांना एकदा देऊन बघा. ज्यांचं पाठांतर पक्कं आहे, त्यांच्यापैकीच काहीजण ३ उत्तर काढतात. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. 'बे' आधी, 'व' नंतर. मग मूल आधी ४ + ३ = ७ करतं आणि १० मधून ७ वजा करतं. आपण शिकवलं तेच त्याने केलं की!

तेच आपल्या भिवंडीच्या भाषेत विचारा. गोदामात कापडाचे १० तागे होते, ४ विकले, ३ नवीन आले. तेच मूल तोंडी ९ सांगतं.

गंमत म्हणजे 'भागु' त्रास देत नाही. २४ ÷ ४ × २ मध्ये भागाकार आधी केला तरी १२च येतात. घोळ 'बेव'चा आहे. खरा नियम असा की गुणाकार-भागाकार एका पायरीवर, बेरीज-वजाबाकी त्याखालच्या पायरीवर. एकाच पायरीवरच्या क्रिया डावीकडून उजवीकडे. पालकांनो, दुकानातला साधा कॅल्क्युलेटर मात्र ही पायरी मानत नाही. त्यावर २ + ३ × ४ दाबलं की २० येतात, मोबाईलवर १४. मुलं हे घरी करून बघतात आणि गोंधळतात.

आता ते व्हॉट्सॲपवरचं ८ ÷ २(२ + २). २०१९ साली यावरून जगभर वाद झाला. कोणी १६ म्हणतं, कोणी १. आपल्या 'चे'कडे बघा, म्हणजे भांडण कळेल. १२ ÷ ६ चे १/२ यात आधी ६ चे निम्मे ३, म्हणून उत्तर ४. 'चे' काढून × लिहिलं तर उत्तर १. तसंच २(४) हा एक जोडलेला गट मानला तर १ येतो, साधा गुणाकार मानला तर १६. म्हणजे दोष सोडवणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे.

शिष्यवृत्तीच्या सराव चाचणीत असली उदाहरणं 'हुशारी तपासायला' टाकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. १६ हवे असतील तर (८ ÷ २) × (२ + २) लिहा. १ हवा असेल तर ८ ÷ [२ × (२ + २)]. कंस लिहायला कितीशी शाई लागते? आणि छापून आलंच, तर पायऱ्या नीट दाखवून १ काढणाऱ्या मुलालाही मी पूर्ण गुण देते.