उसनी युद्धनौका, उसनी दृष्टी

उल्हास नदीकाठच्या दहिवलीत पूल म्हणजे काय, हे कोणाला शिकवावे लागत नाही. पुराचे पाणी चढले की कामगाराची गाडी, मुलांची शाळा आणि आजाऱ्याचा दवाखाना एकदमच दूर जातात. ‘द ब्रिजेस ॲट टोको-री’ या 1954 च्या गाजलेल्या अमेरिकन युद्धपटात मात्र पूल हे निव्वळ लक्ष्य आहे. त्यावरून कोण जात होते, हा प्रश्न कॅमेऱ्याला पडत नाही.

पडणार तरी कसा? कॅमेरा नौदलाच्या डेकवर उभा होता. कोरियातील युद्धबंदी जुलै 1953 मध्ये झाली आणि लगोलग अमेरिकन नौदलाने ‘ओरिस्कनी’ व ‘कीअरसार्ज’ या विमानवाहू नौका, जेट विमानांसह, पॅरामाउंट कंपनीच्या दिमतीला दिल्या. चित्रपट प्रामाणिक नाही असे नव्हे. डेन्व्हरचा वकील ब्रुबेकर पुन्हा सक्तीने युद्धावर बोलावला जातो, कुरकुरतो, आणि अखेरीस एका चरात मारला जातो. मिशेनरच्या कादंबरीचा हा शेवट हॉलिवूडने गोड केला नाही. ही भूमिका करणाऱ्या विल्यम होल्डनचा धाकटा भाऊ नौदलाचाच वैमानिक होता आणि 1944 मध्ये मारला गेला होता. अमेरिकन दुःख खरे आहे. कोरियन माणसाला मात्र येथे चेहरा नाही. पुढे याच ‘ओरिस्कनी’वरून व्हिएतनामवर बॉम्ब पडले.

त्याच 1953-54 च्या हिवाळ्यात एक मराठी सेनानी कोरियात होते. जनरल शं. पां. पा. थोरात यांच्या हाताखालील भारतीय तुकडी मायदेशी परतण्यास नकार देणारे सुमारे 23 हजार युद्धकैदी सांभाळत होती. पूल न उडवता केलेल्या या कामगिरीसाठी कोणती युद्धनौका कोण उसनी देणार?

आपल्याकडचा कारभार तर आणखी तऱ्हेवाईक. मदत देणाऱ्या लष्कराने संहिता तपासावी, हा निदान उघड सौदा आहे. जुलै 2020 मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयाने सेन्सॉर मंडळाला पत्र धाडले: लष्करावरील चित्रपट दाखवण्यापूर्वी निर्मात्यांनी मंत्रालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे. म्हणजे रणगाडा द्यायचा नाही, पण शिक्का मात्र मारायचा! कार्यकर्त्यांनी दोन मागण्या लावून धराव्यात. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक युद्धपटाच्या अटी जाहीर व्हाव्यात. आणि जो सरकारकडे काहीच मागत नाही, त्याच्यावर प्रमाणपत्राची सक्ती नसावी.