प्रवेशाच्या अलीकडे, पदवीच्या पलीकडे

३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या १४२व्या अनुच्छेदाने दिलेला विशेष अधिकार वापरून एका विद्यार्थ्याला धनबादच्या आयआयटीत प्रवेश देण्याचा आदेश दिला. उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित रोजंदारी मजुराचा हा मुलगा देशातील अत्यंत कठीण समजली जाणारी परीक्षा उत्तीर्ण झाला होता. जागा निश्चित करण्यासाठी १७,५०० रुपये भरायचे होते. गावकऱ्यांच्या मदतीने पैसे उभे राहिले. पण ते भरण्याची मुदत काही मिनिटांनी हुकली आणि हाती आलेली जागा गेली. न्यायालयाच्या निर्णयाचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र स्वागताच्या गडबडीत मूळ प्रश्न मागे राहिला. मुलाने बुद्धीच्या बळावर मिळवलेले यश घरच्या १७,५०० रुपयांअभावी गमवावे लागत असेल, तर उच्च शिक्षणात परीक्षा नेमकी कोणाची होते? विद्यार्थ्याची की त्याच्या घराची?

उच्च शिक्षणाची दारे पूर्वीपेक्षा रुंद झाली आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार १८ ते २३ वयोगटाच्या लोकसंख्येशी महाविद्यालयीन नोंदणीचे प्रमाण २०१४-१५ मध्ये २३.७ टक्के होते; २०२१-२२ मध्ये ते २८.४ टक्क्यांवर गेले. याच काळात अनुसूचित जातींचे प्रमाण १८.९ वरून २५.९ टक्के आणि अनुसूचित जमातींचे १३.५ वरून २१.२ टक्के झाले. मुलींनी तर मुलांना किंचित मागे टाकले. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्या दुर्गम भागातील युवकांची नागपूर विद्यापीठावर अवलंबून राहण्याची गरज संपली. ही प्रगती समाजाच्या अभिमानाचा विषय आहे.

परंतु महाविद्यालयात नाव घातले गेले म्हणजे समान संधी मिळाली, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. कोणत्या संस्थेत आणि कोणत्या शाखेत प्रवेश मिळतो, हे आजही मोठ्या प्रमाणात घरावर ठरते. कोटा, लातूर किंवा पुण्यात दोन वर्षे खासगी शिकवणी लावू शकणारा मुलगा आणि शेतातील कामे सांभाळून स्वतःच अभ्यास करणारा मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात. पहिल्याला एका वर्षी अपयश आले, तर घर त्याला आणखी एक वर्ष देते. दुसऱ्याला ते वर्ष परवडत नाही. तामिळनाडू सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली दिलेल्या अहवालात, ‘नीट’ परीक्षेनंतर ग्रामीण, गरीब आणि तामिळ माध्यमातील विद्यार्थ्यांचा वैद्यकीय प्रवेशातील वाटा घटल्याचे नोंदवले. त्या अहवालामागील द्रविडी राजकारण बाजूला ठेवले आणि समान प्रवेश परीक्षेची गरज मान्य केली, तरी त्यातील निरीक्षण डोळ्यांआड करता येणार नाही. भाषेचेही तसेच आहे. २०२१ पासून ‘जेईई मेन’ मराठीसह १३ भाषांतून देता येते, हे स्वागतार्ह पाऊल होते; परंतु त्यापुढील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ परीक्षा इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत होते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाची वाट शेवटच्या पायरीवर पुन्हा अडते.

अशा वेळी मध्यमवर्गीय घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आमच्या वाडवडिलांनीही दारिद्र्यातच शिक्षण घेतले.’ हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. कोकणातून किंवा देशावरून पुण्यात शिकायला आलेली मुले वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणी माधुकरी मागत असे, कोणाला देवळाच्या ओवरीत निवारा मिळे, कोणाला दूरच्या नात्यातील मावशी आश्रय देई. त्या विद्यार्थ्यांचे कष्ट निर्विवाद होते. पण त्या कष्टांना समाजाने सात घरांचा आधार दिला होता. या व्यवस्थेची मर्यादाही स्पष्ट होती. ताट बहुधा आपल्याच जातीच्या मुलापुढे वाढले जाई. ज्याला घराचा उंबरठाच वर्ज्य होता, त्याला वार कोण लावणार?

ही उणीव ज्यांनी ओळखली, त्यांनीच महाराष्ट्र घडवला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानातील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. पण तेवढ्यावर न थांबता कोल्हापुरात विविध समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. जागा राखून ठेवायची, तर त्या जागेपर्यंत पोहोचणारा विद्यार्थी जेवला आणि झोपला पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बाबासाहेबांची प्रज्ञा अलौकिक होतीच, पण त्या प्रज्ञेलाही न्यूयॉर्कमध्ये खोलीचे भाडे द्यावे लागत होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी तर वसतिगृह आणि ‘कमवा व शिका’ यांनाच शिक्षणाचा पाया मानले.

आज हा पाया खचलेला दिसतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार, पाच वर्षांत अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातील साडेतेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएममधील शिक्षण सोडले. यातील काही जण दुसऱ्या संस्थेत किंवा अभ्यासक्रमात गेले, असे सरकारने सांगितले आणि ते मान्य करावे लागेल. तरीही जे कायमचे घरी परतले, त्यांच्या मनात काय साठले असेल? आपण या देशाचे, या समाजाचे आहोत, ही भावना एकटा पडलेल्या विद्यार्थ्याच्या मनात व्याख्यानांनी रुजत नाही. त्याच्या एकटेपणाचा लाभ समाजात दुही माजवू पाहणारे तत्परतेने घेतात. याचा दोष त्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ती जागा रिकामी कोणी ठेवली, हाही प्रश्न उरतोच.

पदवी हाती आल्यावर विषमता संपते, असेही नाही. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त काही अभ्यास प्रसिद्ध झाले. त्यांत समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले, तेव्हा दलित आडनावांच्या अर्जांना तुलनेने कमी प्रतिसाद मिळाला. मुलाखतीत ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारण्याची प्रथाही त्यांतून समोर आली. डाव्या विचारांच्या वर्तुळात वाचले जाणारे नियतकालिक म्हणून या निष्कर्षांकडे पाठ फिरवता येईल. पण अनुभव वेगळे सांगतो का? ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला ‘ऊसतोड’ असे उत्तर देणाऱ्या तरुणाचे मूल्यमापन त्या क्षणानंतर निर्विकारपणे होते, असे छातीठोकपणे किती मालक सांगू शकतील?

शासनाने काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात २०१६ पासून डॉ. आंबेडकर स्वाधार आणि पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम या योजना आल्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी २०१९ मध्ये १० टक्के आरक्षण आले. २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ झाले. परंतु खानावळीचे पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यावे लागतात आणि शासकीय रक्कम सत्र सरत आल्यावर हाती पडते, ही विद्यार्थ्यांची तक्रार जुनी आहे. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, प्रवेशाच्या फेऱ्या यांचे चक्रव्यूह ज्याच्या घरात कोणीच कधी भेदलेले नाही, तो विद्यार्थी बाहेर राहतो. वेळेवर न मिळालेली मदत ही नाकारलेलीच मदत होय, हे प्रशासनाने ध्यानी घ्यावे.

उरते ते समाजाचे दायित्व. ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी सामाजिक समतेविषयी निःसंदिग्ध भूमिका मांडली. जोवर भेदभाव आहे तोवर आरक्षण चालू राहावे, असे डॉ. मोहनजी भागवत यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले. भूमिका स्पष्ट आहे, उरला आहे तो आचरणाचा भाग. यमगरवाडीत पारधी मुलांची शाळा उभी राहिली, वनवासी कल्याण आश्रमाची वसतिगृहे चालतात, पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहायक समिती ग्रामीण विद्यार्थ्यांना निवारा देत आहे. वाट माहीत आहे, तिच्यावर चालणारी पावले वाढली पाहिजेत.

वार लावण्याची प्रथा नव्या रूपात पुन्हा सुरू करता येईल. शहरातील एका कुटुंबाने एका विद्यार्थ्याचा खानावळीचा खर्च उचलावा. निवृत्त बँक अधिकाऱ्याने वस्तीत बसून शैक्षणिक कर्जाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत. इंग्रजीच्या शिक्षिकेने आठवड्यातील दोन संध्याकाळी पहिल्या वर्षाच्या मुलांना द्याव्यात. उद्योजकाने मुलाखतीत वडिलांचा व्यवसाय विचारणे थांबवावे. अट एकच : ताट कोणापुढे वाढले जात आहे, याची जात पाहिली जाऊ नये. आपल्या मुलाच्या यशात आपल्या घराचा किती वाटा आहे, हे ज्याला उमगले, त्याला दुसऱ्याच्या मुलाच्या अपयशाकडे तुच्छतेने पाहता येणार नाही. समरसतेचा खरा कस सभागृहात लागत नाही. तो लागतो जूनमध्ये, प्रवेश मिळूनही राहायला जागा नसलेला एखादा विद्यार्थी पिशवी घेऊन शहरात उतरतो तेव्हा.